ब्रिटनच्या निवडणुकीत मत कोणाला? आधी मतदारसंघ पाहा, मग पक्ष

ब्रिटनची पुढची सार्वत्रिक निवडणूक उशिरात उशिरा ऑगस्ट २०२९ च्या मध्यापर्यंत घ्यावीच लागेल. पंतप्रधानांनी ठरवलं तर त्याआधी केव्हाही. घोषणा झाली की हातात जेमतेम पाच-सहा आठवडे उरतात, आणि त्या आठवड्यांत डोकं शांत ठेवणं फार कठीण जातं. डिसेंबर २०१९ ला ब्रेक्झिटवरून, म्हणजे युरोपीय संघ सोडण्यावरून, सख्ख्या मित्रांनी बोलणं टाकलं. जुलै २०२४ ला गाझा, स्थलांतर आणि महागाई यांवरून तेच झालं. आता तर रिंगणात दोन नव्हे, पाच पक्ष आहेत, आणि प्रत्येकाचे समर्थक दुसऱ्याला देश बुडवणारा म्हणतात.

कोणत्या पक्षाला मत द्या, हे मी इथे सांगणार नाही. पण निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावा याबद्दल माझं मत ठाम आहे. बहुतेक जण नेता आवडतो का इथून सुरुवात करतात आणि मतदारसंघाचा विचार शेवटी करतात, किंवा करतच नाहीत. क्रम उलटा हवा.

तुम्हाला मत आहे का?

इथे राहणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांना अजून माहीत नाही की भारतीय पासपोर्टवरही ब्रिटनच्या संसदेसाठी मत देता येतं. भारत राष्ट्रकुलात आहे, आणि राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक वैध व्हिसावर ब्रिटनमध्ये राहत असतील आणि १८ वर्षांचे असतील, तर त्यांना हा हक्क आहे. विद्यार्थी असा, नोकरीच्या व्हिसावर असा किंवा जोडीदाराच्या. ब्रिटिश नागरिक होण्याची वाट पाहावी लागत नाही. जुलै २०२५ मध्ये सरकारने मताचं वय १६ वर आणण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा घरात शाळकरी मुलं असतील तर त्यांच्याशीही हे बोलून ठेवा.

नाव मात्र आपणहून नोंदवावं लागतं. सरकारी संकेतस्थळावर काही मिनिटांत होतं; नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा. मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधी मध्यरात्री नोंदणी बंद होते. घर बदललं की पुन्हा नोंदणी करावी लागते, आणि भाड्याच्या घरांत राहणाऱ्यांची नावं नेमकी इथेच गळतात. विद्यार्थ्यांना घरचा आणि विद्यापीठाचा अशा दोन्ही पत्त्यांवर नाव नोंदवता येतं, पण संसदेसाठी मत एकदाच.

ही कामं निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता या आठवड्यात उरकून टाका.

तुमच्या मतदारसंघात लढत कोणाची आहे?

ब्रिटनमध्ये ६५० मतदारसंघ आहेत, आणि पद्धत भारतातल्या लोकसभेसारखीच: ज्याला सर्वांत जास्त मतं, तो खासदार. निम्म्याहून अधिक मतं लागत नाहीत. तुमच्या मतपत्रिकेवर पंतप्रधानाचं नाव नसतं, तुमच्या भागातल्या उमेदवारांची असतात. देशभरात कोणाला किती टक्के मिळाले याचा जागांशी संबंध किती सैल असतो ते २०२४ ला दिसलं. मजूर (लेबर) पक्षाला ३३.७ टक्के मतांत ४११ जागा मिळाल्या. रिफॉर्म यूके या पक्षाला १४ टक्क्यांहून अधिक मतांत अवघ्या ५, तर लिबरल डेमोक्रॅट्सना त्याहून कमी, १२ टक्क्यांच्या आसपास मतांत ७२. लिब-डेमची मतं मोजक्या मतदारसंघांत एकवटली होती, रिफॉर्मची देशभर विखुरली होती. सगळा फरक तेवढाच.

म्हणून पहिलं काम कागदावर करा. पोस्टकोड टाकून आपला मतदारसंघ शोधा. २०२४ ला सीमा बदलल्या, त्यामुळे पूर्वीचं गृहीत धरू नका. रस्त्यापलीकडचा शेजारी वेगळ्या मतदारसंघात असू शकतो. लंडनमधलं हॅरोच घ्या: २०२४ ला हॅरो ईस्ट हुजूर (कन्झर्व्हेटिव्ह) पक्षाने राखला, तर शेजारच्या हॅरो वेस्टमध्ये मजूर पक्ष आला. एकाच भाजीबाजारात जाणाऱ्या दोन कुटुंबांपुढचे प्रश्न अगदी वेगळे होते.

मग मागचा निकाल लिहून काढा. पहिला, दुसरा आणि तिसरा कोण, प्रत्येकाची मतं किती, पहिल्या-दुसऱ्यात अंतर किती. अंतर दहा-बारा हजारांचं असेल तर तो सहसा बालेकिल्ला. तिथे मनापासून आवडणाऱ्या पक्षाला मत द्यायला तुम्ही बऱ्यापैकी मोकळे आहात. मात्र २०२४ ला माजी पंतप्रधान लिझ ट्रस यांचा साउथ वेस्ट नॉरफोक बालेकिल्लाच मानला जात होता आणि त्या ६३० मतांनी पडल्या, म्हणून अलीकडच्या जनमत चाचण्यांवरही एक नजर टाका. अंतर दोन-तीन हजारांचं असेल तर तुमचं मत खरोखर वजनदार आहे. हेंडनची जागा २०२४ ला १५ मतांनी गेली. मे २०२५ मधली रनकॉर्न अँड हेल्सबीची पोटनिवडणूक रिफॉर्मने सहा मतांनी जिंकली. २०१७ ला स्कॉटलंडमधल्या नॉर्थ ईस्ट फाइफमध्ये तर फरक दोन मतांचा होता. एका मराठी कुटुंबात चार मतदार असतात.

दुसऱ्या क्रमांकाकडे विशेष लक्ष द्या. २०२४ ला रिफॉर्म ९८ जागांवर दुसरा होता, आणि २०२५ मध्ये देशपातळीवरच्या चाचण्यांत तो आघाडीवर गेला. तुमच्या मतदारसंघातली पुढची लढत मागच्यासारखी हुजूर विरुद्ध मजूर असेलच असं नाही.

तुम्हाला काय हवं, काय नको

आता एक कोरा कागद घ्या आणि बातम्या बंद करा. पुढच्या पाच वर्षांत ज्या गोष्टींनी तुमचं किंवा तुमच्या जवळच्यांचं आयुष्य बदलेल अशा तीन लिहा. त्याखाली, कोणत्याही परिस्थितीत होऊ नये असं वाटणारी एक. ही चौथी ओळ सर्वांत महत्त्वाची. फूट पाडणाऱ्या निवडणुकीत माणूस बहुतेकदा कोणाला आणायचं यापेक्षा कोणाला पाडायचं यावर मत देतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण ते भान ठेवून करावं.

लिहिताना ते काम संसदेचं आहे का हे तपासा. कचरा, रस्त्यावरचे दिवे, घराच्या वाढीव बांधकामाची परवानगी ही कौन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची कामं. त्यांवरून खासदाराला शिक्षा करण्यात अर्थ नाही. तुम्ही एडिंबरा, कार्डिफ किंवा बेलफास्टला राहत असाल तर शाळा आणि रुग्णालयं तिथल्या विधिमंडळांच्या हाती आहेत. इंग्लंडपुरती ती वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे ब्रिटनच्या संसदेच्या. स्थलांतराचे नियम, संरक्षण आणि परराष्ट्र धोरण मात्र संपूर्ण देशासाठी वेस्टमिन्स्टरच ठरवतं.

व्हिसावर असलेल्या कुटुंबांसाठी स्थलांतराची ओळ बहुधा पहिली असेल. तिथे भावनेपेक्षा नोंदी पाहा. जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना जोडीदार आणि मुलांना आणणं बंद झालं. त्याच वर्षी कुशल कामगार व्हिसाची सर्वसाधारण पगारमर्यादा ३८,७०० पौंडांवर गेली, जोडीदाराला बोलावण्यासाठीची उत्पन्नाची अट १८,६०० वरून २९,००० पौंडांवर गेली, आणि व्हिसाबरोबर भरायचा आरोग्य अधिभार प्रौढांसाठी वर्षाला १,०३५ पौंड झाला. तेव्हा पंतप्रधान होते हुजूर पक्षाचे ऋषी सुनक. त्यानंतर मजूर पक्षाचं सरकार आलं. त्याने २०२५ मध्ये पगारमर्यादा आणखी वाढवून ४१,७०० केली आणि कायमस्वरूपी वास्तव्यासाठीचा काळ पाचवरून दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला. पंतप्रधानाचं आडनाव किंवा पक्षाची जुनी प्रतिमा पाहून या विषयावर मत देणाऱ्याची दोन्ही वेळा निराशा झाली असती.

जाहीरनामा वाचताना

सगळे जाहीरनामे पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची गरज नाही. आपल्या चार ओळींशी संबंधित पानं काढा आणि तेवढीच नीट वाचा, पण शब्दन् शब्द. २०२४ ला मजूर पक्षाने प्राप्तिकर, नॅशनल इन्शुरन्स (पगारावर कर्मचारी आणि मालक दोघांनी भरायची वर्गणी) आणि व्हॅट वाढवणार नाही असं म्हटलं होतं, आणि ते वचन काम करणाऱ्या लोकांच्या नावाने होतं. ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात मालकांनी भरायचा नॅशनल इन्शुरन्स १३.८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेला. कर्मचाऱ्यांचा वाटा वाढवला नाही, म्हणजे वचन पाळलं, असं सरकार म्हणालं. छोटी कंपनी चालवणाऱ्यांना तसं वाटलं नाही. वचन कोणाला दिलं आहे आणि कोणाला वगळलं आहे, हे वाचायची सवय लावून घ्या.

आघाडी सरकारची शक्यता असेल तर आणखी सावध राहा. २०१० ला लिब-डेम उमेदवारांनी विद्यापीठाची फी वाढू देणार नाही अशा प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. मग हुजूर पक्षाबरोबर ते सत्तेत गेले आणि इंग्लंडमध्ये फीची मर्यादा ९,००० पौंडांवर गेली. २०१५ ला त्यांच्या ५७ जागांच्या ८ झाल्या. छोट्या पक्षाला मत देण्याआधी, वाटाघाटीच्या टेबलावर तो काय सोडून देईल, हा प्रश्न त्यांच्या उमेदवाराला समोरासमोर विचारा. मतदारसंघात चर्च, शाळा किंवा सभागृहात उमेदवारांच्या जाहीर प्रश्नोत्तरांचे कार्यक्रम होतात, त्यांना हस्टिंग्ज म्हणतात. एका संध्याकाळी तिथे जाऊन बसा. दहा टीव्ही चर्चांतून कळणार नाही एवढं कळतं.

पैशाच्या हिशेबासाठी इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज ही स्वतंत्र संस्था प्रत्येक मोठ्या पक्षाच्या आकड्यांची चिकित्सा करते आणि कोणालाच सोडत नाही. विद्यमान खासदाराने संसदेत कशावर कसं मत दिलं हे ‘दे वर्क फॉर यू’ या संकेतस्थळावर दिसतं. तुमच्या चार ओळींवर त्याचं वागणं पाहा. पक्षाचं नाव दुय्यम.

व्हॉट्सॲपवरचा भारत

याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे, कारण आपल्या घरांतलं सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये मजूर पक्षाच्या परिषदेत काश्मीरवर ठराव झाला. त्यानंतर मतदानापर्यंत भारतीय घरांच्या फोनवर ‘हा पक्ष भारतविरोधी, त्याला मत देणारा देशद्रोही’ अशा अर्थाचे संदेश फिरत राहिले. ठरावावर राग येणं समजू शकतं. पक्षानेही पुढे आपली भाषा मवाळ केली. पण ज्या मतदाराला आजारी आईसाठी रुग्णालयाची रांग कमी व्हायला हवी होती, त्याचा प्रश्न त्या गदारोळात कुठेच उरला नाही. आणि हा पक्ष सत्तेत आला तर भारताशी वैर धरेल, हा त्या संदेशांचा सूर पुढे खरा ठरला का? भारत-ब्रिटन मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी जानेवारी २०२२ मध्ये बोरिस जॉन्सन यांच्या सरकारने सुरू केल्या आणि जुलै २०२५ मध्ये करारावर सह्या झाल्या मजूर पक्षाच्या सरकारात.

लेस्टरमध्ये ऑगस्ट-सप्टेंबर २०२२ ला हिंदू-मुस्लिम तणाव पेटला तेव्हा खोट्या संदेशांनी त्यात भर घातली. निवडणुकीत हेच तंत्र थोड्या सभ्य वेषात येतं. एखादा संदेश ‘आपल्या माणसांनी’ एकगठ्ठा मत द्यावं असं सांगत असेल, तर त्यात तुमच्या चार ओळींपैकी एक तरी आहे का ते बघा. नसेल तर पुढे ढकलू नका.

मतविभागणीचं गणित

तुमचा आवडता पक्ष तिसरा-चौथा असेल आणि नकोसा उमेदवार जिंकण्याच्या बेतात असेल, तेव्हा मन मारून दुसऱ्याला मत द्यावं का? इथे याला टॅक्टिकल व्होटिंग म्हणतात. हा प्रश्न खरा कठीण आहे, आणि तो चुकीच्या आकड्यांवर सोडवला की अनर्थ होतो.

लंडनच्या केन्सिंग्टनमध्ये २०१७ ला मजूर पक्ष २० मतांनी जिंकला होता. लिब-डेम खूप मागे तिसरे. २०१९ मध्ये ब्रेक्झिटविरोधी मतदारांपुढे प्रश्न पडला की हुजूर पक्षाला अडवायला मत मजूर पक्षाला द्यायचं की लिब-डेमना? नोव्हेंबरमधल्या एका मतदारसंघ-चाचणीत लिब-डेम दुसरे दिसले आणि बऱ्याच जणांनी तिकडे वळायचं ठरवलं. निकाल असा लागला: हुजूर पक्ष १६,७६८, मजूर १६,६१८, लिब-डेम ९,३१२. १५० मतांनी जागा गेली. ब्रेक्झिट हवं असणाऱ्यांसाठी तोच निकाल आनंदाचा होता, हे खरंच. पण ज्यांना तो नको होता, त्यांनी एका चाचणीवर विसंबून तो ओढवून घेतला.

लेस्टर ईस्टचं उदाहरण आपल्या लोकांना आणखी जवळचं. ही जागा १९८७ पासून मजूर पक्षाची. २०२४ ला तिथल्या दोन माजी मजूर खासदारांनी, क्लॉडिया वेब आणि कीथ वाझ यांनी, पक्षाबाहेरून उमेदवारी केली. दोघांनी मिळून नऊ हजारांहून अधिक मतं घेतली, आणि शिवानी राजा यांनी साडेचार हजारांच्या आत-बाहेरच्या मताधिक्याने जागा हुजूर पक्षाकडे आणली. देशभर पक्षाची धूळधाण होत असताना त्याने नव्याने जिंकलेली ही एकमेव जागा.

मी हा हिशेब असा करतो. मागचा प्रत्यक्ष निकाल सर्वांत भरवशाचा. त्यानंतरच्या कौन्सिल निवडणुकांचे आकडे दुसऱ्या क्रमांकाचे. देशभरातल्या मोठ्या सर्वेक्षणांतून मतदारसंघनिहाय काढलेले अंदाज, ज्यांना एमआरपी म्हणतात, तिसऱ्या. एका मतदारसंघातली लहान चाचणी शेवटची. दारात पडणाऱ्या पत्रकांवरचे ‘इथे फक्त आम्हीच जिंकू शकतो’ असे स्तंभालेख तर मोजूच नका. त्यांतले आकडे कधी एखाद्याच वॉर्डाचे असतात, आणि स्तंभांची उंची आकड्यांशी जुळतेच असं नाही. तळाशी बारीक अक्षरांत स्रोत लिहिलेला असतो, तो वाचा. दोन-तीन स्रोत एकच दुसरा क्रमांक दाखवत असतील तरच मन मारा. ते एकमेकांविरुद्ध बोलत असतील तर आपल्या आवडीच्या उमेदवाराला मत द्या.

हरणाऱ्याला दिलेलं मत अगदीच पाण्यात जातं असंही नाही. पाच टक्क्यांखालच्या उमेदवाराची ५०० पौंडांची अनामत जप्त होते. तुमच्यासारख्यांच्या मतांनी ती वाचते. विरोधी पक्षांना संसदेतून मिळणारा निधीही जागांबरोबर मतांच्या संख्येवर ठरतो. आणि पुढच्या वेळी ‘दुसरा कोण’ याचं उत्तर याच मतांतून तयार होतं.

कोणीच नको असेल तर? भारतातल्यासारखा ‘नोटा’ इथे नाही. मतपत्रिका कोरी टाकली तर ती बाद मतांत मोजली जाते, निकालावर परिणाम शून्य. घरी बसण्यापेक्षा ते बरं, पण माझ्या मते चौथी ओळ पुन्हा वाचून ती टाळण्याची सर्वांत जास्त शक्यता कोणाकडून आहे, त्याला मत देणं अधिक जबाबदारीचं.

घरातली मतं

नवरा-बायकोचं, आई-मुलाचं मत वेगळं असू शकतं आणि ते एकमेकांना सांगायचं बंधन नाही. टपाली मतपत्रिका घरी येतात तेव्हा जपून वागा. घरातल्या कर्त्याने सगळ्यांचे कागद एकत्र घेऊन भरणं हा गुन्हा आहे, मग सासूबाईंना इंग्रजी येत नसलं तरी. कागदावर काय आहे ते त्यांना मराठीत समजावून सांगा, खोलीतून बाहेर जा आणि त्यांना खूण करू द्या.

टपाली मतासाठी अर्ज ११ कामकाजी दिवस आधी संध्याकाळी पाचपर्यंत. सोबतच्या पत्रकावर सही आणि जन्मतारीख लागते. घाईत लोक आजची तारीख टाकतात किंवा अर्जावरच्या सहीपेक्षा वेगळी सही करतात आणि मत बाद होतं. भारतात जाणार असाल तर टपालावर विसंबू नका, तुमच्या वतीने मत देणारा प्रॉक्सी नेमा. त्याची मुदत सहा कामकाजी दिवस आधीची.

मतदानाचा दिवस

गुरुवार असतो, सुट्टी नसते. केंद्र सकाळी सात ते रात्री दहा. दहाच्या ठोक्याला रांगेत असाल तरी मत देता येतं. २०२३ पासून इंग्लंडमध्ये फोटो ओळखपत्र लागतं, आणि सार्वत्रिक निवडणुकीत ते संपूर्ण ग्रेट ब्रिटनमध्ये लागू आहे. भारतीय पासपोर्ट चालतो, मुदत संपलेला असला तरी फोटो ओळखू येत असेल तर चालतो. भारतीय वाहन परवाना चालत नाही. काहीच नसेल तर मतदार प्रमाणपत्र मोफत मिळतं, त्याचा अर्जही सहा कामकाजी दिवस आधी. आपल्या बायकांनी एक गोष्ट आधी तपासावी: पासपोर्टवर माहेरचं नाव आणि मतदारयादीत सासरचं, असं असेल तर लग्नाचा दाखला बरोबर ठेवा.

केंद्राबाहेर पक्षाचा फुलासारखा बिल्ला लावलेली माणसं तुमचा यादीक्रमांक विचारतील. ती पक्षाची माणसं असतात, अधिकारी नव्हेत. सांगायचं नसेल तर हसून आत जा. आत यंत्र नाही, बोटाला शाई नाही. कागदावर पेन्सिलने एका नावापुढे फुली मारायची. स्वतःचं पेन वापरलं तरी चालतं. चुकलं तर पेटीत टाकण्याआधी कर्मचाऱ्याकडून नवा कागद मागून घ्या.

निकाल काहीही लागो, निवडून आलेला खासदार तुमचाही असतो, तुम्ही त्याच्याविरुद्ध मत दिलं असलं तरी. बहुतेक खासदार मतदारसंघात लोकांना भेटायला नियमित वेळ ठेवतात. व्हिसाचा अर्ज महिनोन् महिने अडकला असेल, आईच्या भेटीचा व्हिसा विनाकारण नाकारला असेल, तर कागदपत्रं घेऊन तिथे वेळ घ्या. तुम्ही कोणाला मत दिलं हे त्याला कळत नाही, आणि त्याने ते विचारायचंही नसतं.